डोळ्यापासून वर

हेर्बोरच्या अंगणातला स्प्रूस पाडायला
मी करवत घेऊन गेलो नोव्हेंबरात,
सूर्य रजेवर जायच्या आठवडाभर आधी.
सेन्या बेटाच्या या टोकाला तो एकदा गेला
की अर्धा जानेवारी तोंड दाखवत नाही,
आणि सावल्याही घेऊन जातो बरोबर,
सामानासारख्या.

बुंध्यापासून स्वयंपाकघराची भिंत अकरा मीटर.
वारा समुद्राकडून, म्हणजे पडलं तर घराकडेच.
"दहा असेल," मी म्हणालो, मान वर करून.
माझा अंदाज चाळीस वर्षांचा,
दोन छपरं आहेत त्याच्या खात्यावर.

शेजारची सुन्निवा आली, नववीतली,
कोनमापक, सरबताची नळी,
मासे धरायचा दोरा आणि टोकाला शिशाचा गोळा.
चौदा मीटरवर उभी राहिली, एक डोळा मिटला,
नळीतून शेंडा धरला
आणि दोरा झुलायचा थांबेपर्यंत
श्वासच घेतला नाही तिनं.
"उन्नत कोन छत्तीस अंश."
पुढचा गुणाकार हाताच्या पाठीवर, पेनानं.
"दहा मीटर सतरा. पाडा खुशाल,
भिंतीपुढे ऐंशी सेंटिमीटर उरतात."

मी दोरी सोडली. कोट उतरवला.
हेर्बोर कॉफी घेऊन बाहेर आली ती म्हणाली,
थांबा जरा.

तिचा तोर्गेइर होडीतून हात लांब धरायचा.
अंगठ्याच्या नखाएवढं झाड दिसलं
की तिथं गळ टाकायचा. तिथंच. कॉड तिथंच लागतो.
झाड वाढलं, नख वाढलं नाही.
दरवर्षी तो थोडा आणखी आत जाऊ लागला.
लोक म्हणाले, अरे, झाड वाढतंय, जागा नाही सरकत.
तो म्हणाला, मासाही वाढतोच की.
होडी आता शेडमध्ये पालथी आहे.
एवढंच सांगितलं. कॉफी गार झाली होती.

डिसेंबरात, पौर्णिमेला, दार वाजलं.
रात्र म्हणावी तर दुपारचे चार,
पण इकडे तेव्हा त्यांत फारसा फरक नसतो.
सुन्निवा. टोपीवर बर्फ, ओठ निळे.
"मी माझ्या डोळ्यापासून वरचंच मोजलं.
डोळ्याखालचं राहिलं.
मी स्वतः राहिले हिशेबात."

हातात मीटरभर काठी होती.
या दिवसांत चंद्र मावळत नाही,
खुंट्याला बांधलेल्या घोड्यासारखा
आभाळात नुसता गोल फिरतो.
आणि बर्फावर सावली पडते त्याची,
उन्हाच्या सावलीहून निळसर, काठाला मऊ.
काठीची सावली एक मीटर सदतीस.
झाडाची, गुडघाभर बर्फात टेप ओढत, पंधरा नव्वद.
भागाकार मी केला या वेळी, मोठ्यानं.
अकरा साठ.
तिनं हातमोजा काढून जुना आकडा पाहिला,
म्हणजे जिथं तो होता ती जागा,
आणि त्यात एक मीटर बेचाळीस मिळवले,
जमिनीपासून तिच्या डोळ्यापर्यंतचे.
अकरा एकोणसाठ.
चुलीवर आलं असतं झाड,
आणि चुलीपाशी हेर्बोर बसते.

ती खिडकीतून बघत होती. बाहेर आली, शाल न घेता.
"आता त्याला कुठवर जावं लागलं असतं?"
सुन्निवा म्हणाली, नखाचं माप लागेल.
हेर्बोरनं अंगठा आणि बोट
जवळ आणून धरलं हवेत, क्षणभरही न अडखळता.
टेपवर बारा मिलिमीटर.
हाताची लांबी? तिनं स्वतःच्या खांद्यापासून
माझ्या कोटाच्या बटणापर्यंत दाखवली.
पासष्ट सेंटिमीटर.

"सहाशे अठ्ठावीस मीटर," सुन्निवा म्हणाली.
आम्ही तिघंही त्या दिशेला बघत राहिलो,
जणू आकड्याला जागा असते.
खडकापलीकडे पाणी होतं, पाण्यासारखंच.

करवत मी परत आणली. धार अजून तशीच.
मे महिन्यात वरचे दोन मीटर उतरवा,
हेर्बोर म्हणते,
पण त्याआधी पुन्हा मोजा.
पोरगी वाढतेय.